बेडकाच्या आईची भानगड

आमच्या घरी गुरुवारी लहान मुलांचं कार्टून बघायला बाप्ये जमतात. मुलाच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी, त्याच्या मित्रांनाही. नातीची शाळा मात्र चालू. तिच्या कार्टूनचा नवा भाग नेटवर गुरुवारीच येतो, त्यामुळे तो तिच्याआधी हेच बघतात.

त्यात पाठीवर कंदील बांधलेला बेडूक आहे. हे लोक आयटीआयला असताना तो मोबाइलच्या गेममध्ये उड्या मारायचा. आता त्याच गेमचं कार्टून निघालंय. बेडूक आपल्या हरवलेल्या आईला शोधतोय. ती सापडते का, एवढंच नातीला बघायचं होतं. यांचं दुखणं वेगळंच.

"बेडकाला आई कुठून आली राव? गेममध्ये नव्हती!"

"गेममध्ये कसा पाण्यात पडला की मरायचा! इथं नुसता रडतोय. बालपण नासवलं भावा आपलं."

बालपण नासलेल्यांपैकी एकाला टक्कल पडलंय, दुसऱ्याला शुगर आहे. शिव्या घालत प्रत्येक भाग शेवटपर्यंत बघायचे आणि मग मोबाइलवर रागारागाने काहीबाही लिहायचे. नात शाळेतून आली की चपला काढायच्या आत तिला सांगायचे, "अगं, तो पुलावरून पडला!" पोरगी हिरमुसून कोपऱ्यात बसायची.

शेवटचा भाग होता त्या गुरुवारी वेणी घालून घेताना ती म्हणाली, "आजी, त्यांना सांग ना, आज मला आधी बघू दे."

परक्या माणसांपुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. चहासुद्धा मी दाराआडून मुलाच्या हातात देते. मुलाला तेवढं म्हटलं, "पोर येईपर्यंत थांबा की रे."

"आई, आम्ही फक्त बघतो, किती बिघडवलंय ते."

त्यांनी टीव्ही लावला तसा मी स्वयंपाकघरातला मेन स्विच खाली ओढला.

आमच्या भागात दुरुस्तीसाठी गुरुवारीच लाईट जाते. त्यामुळे कोणी जागचं हललंसुद्धा नाही. "गुरुवार म्हटल्यावर जाणारच," टकलू म्हणाला. शेजारच्या घरात मिक्सर घरघरत होता, तो एकालाही ऐकू आला नाही. शुगरवाला कंपनीत मेंटेनन्सला आहे. त्याने बंद पंख्याकडे मान वर करून पाहिलं आणि सरकारवर लांबलचक भाषण दिलं.

"मोबाइलवर लावायचं का?" मुलाने विचारलं.

"शेवटचा भाग आणि एवढ्याशा मोबाइलवर? छे!" टकलू म्हणाला. ज्या कार्टूनला आठवडाभर नावं ठेवली, त्याचा केवढा मान!

घाम पुसत बसले बिचारे. नात आली. हातपाय धुऊन ती त्यांच्या मधोमध बसली, आणि लाईट आली.

बेडकाला आई सापडली. नातीने उड्या मारत टाळ्या पिटल्या.

"बोगस," टकलू म्हणाला. "गेममध्ये त्याला आई नव्हतीच."

"म्हणूनच तुमच्या गेममध्ये तो सारखा मरायचा, काका."

मी आत पदर तोंडात कोंबून हसत होते. नातीने कोणाला न विचारता शेवटचा भाग पुन्हा पहिल्यापासून लावला. घरी जायला एकही जण उठला नाही.