नानांनी सांभाळलेल्या फायली

मंडळी, आज माझं डोकं ठिकाणावर नाही, म्हणून ऑफिसातूनच ग्रुपवर लिहितेय.

सकाळी घरचा लॅपटॉप सुरूच होईना. शिरवण्याच्या हिराबाईंचे लग्नात गायचे सगळे धवले त्यात होते. त्या गायच्या आणि मी टाइप करायचे. आता त्या हयात नाहीत. पेनड्राइव्हवर कॉपी काढायचं रोज ठरवायचे, ते राहूनच गेलं.

रिपेअरवाला जुईनगरला घरी येणार होता आणि मला वाशीला ऑफिस गाठायचं होतं. निघताना सासऱ्यांना बजावलं, "नाना, काहीही होऊ दे, माझ्या फायली जाता कामा नयेत."

नाना रिटायर्ड हेडक्लार्क. म्हणाले, "टेन्शन घेऊ नकोस."

दुपारी जेवायला घरी आले, तर लॅपटॉप मस्त चालू. आत मात्र काहीच नाही.

नाना खुशीत सांगत होते, "तो म्हणाला, सगळं पुसावं लागेल, फायली बाजूला ठेवल्यात ना? मी म्हटलं, कधीच ठेवल्यात!"

"कळत नाही तर मध्ये बोलता कशाला?" मी ओरडले.

नानांनी कपाटाची चावी माझ्या हातात दिली. आत माझ्या मार्कशीटच्या, गॅसच्या कागदांच्या फायली, लाल फितीने बांधलेल्या. वर चिठ्ठी: 'सूनबाईच्या फायली. कोणीही हात लावू नये.'

पुसलेलं परत मिळतं का, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. आणि बोललेलं परत कसं घेतात, तेही.