घरचं काम शेवटी

गल्लीत त्यांना सगळे नाववाले काका म्हणत. कप, ढाली, घड्याळांच्या पाठी, जे समोर येईल त्यावर नाव कोरून देणं हा त्यांचा धंदा. अक्षर असं की बघत राहावं, आणि स्वभाव असा की तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. वडिलांकडून घेतलेला एक नियम मात्र त्यांनी उराशी धरला होता: आधी गिऱ्हाइकाचं, घरचं शेवटी. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बायकोच्या डब्यावर नाव नव्हतं. शेजारीण तो डबा खुशाल आपलाच म्हणून वापरायची.

युद्धात टेलिफोन ऑफिसवर बॉम्ब पडले तेव्हा त्यांची एकुलती एक मुलगी आत ड्यूटीवर होती. ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली, पण छातीत गेलेला धूर काही निघाला नाही. हळूहळू तिचं खाटेवरून उठणंच बंद झालं. पुढे नगरपालिकेनं ठरवलं, त्या हल्ल्यातून वाचलेल्यांना पदकं द्यायची. नावं घालायचं काम आलं काकांकडेच. पदक हयात माणसालाच मिळेल, असं कारकून बजावून गेला.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. छिन्नीची टकटक मुलीला पडल्या पडल्या ऐकू यायची. रोज संध्याकाळी विचारायची, माझं झालं का? काका म्हणायचे, होईल गं, तुझं कुठं पळून जातंय. बायको चिडायची, एकदा नियम मोडला तर आभाळ कोसळणार आहे का? काका मान खाली घालून दुसऱ्याच कुणाचं पदक पुढ्यात घ्यायचे. खरं तर तिचं नाव त्यांना सगळं आटोपल्यावर निवांतपणे, जीव ओतून काढायचं होतं. पण हे बोलून दाखवतील तर ते काका कसले! काय म्हणावं या माणसाला?

"बाबा, नुसतं पहिलं अक्षर तरी काढून दाखवा ना," ती एकदा म्हणाली.

"उद्या तुझंच घेतो."

सकाळी त्यांनी तिचं पदक कोरताना हलू नये म्हणून तापवलेल्या राळेत घट्ट बसवलं, छिन्नीला धार लावली, आणि आतून बायकोची हाक आली. पोर गेली होती.

समारंभ तोंडावर आल्यावर कारकून आला. टेलिफोनवरचीच एक बाई यादीतून राहून गेली होती, पदक कमी पडत होतं. काकांनी हात जोडले, हे एवढं राहू द्या म्हणाले. तो काही वाईट माणूस नव्हता. त्यानं राळेतल्या कोऱ्या पदकाकडे पाहिलं.

"काका, यावर एक अक्षर जरी असतं ना, तर मी ते इथंच सोडून गेलो असतो."

काका खाली बसले आणि त्या बाईचं नाव काढून दिलं. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

कारकून गेला. बायको मधल्या दारात उभी होती.

"गिऱ्हाइकांचं संपलं ना सगळं?" ती म्हणाली. "आता घ्या घरचं."

काकांच्या हातात छिन्नी तशीच होती. समोर कोरायला काही उरलं नव्हतं.