पत्र्याची मशीन

सोलापुरातल्या आमच्या वर्कशॉपात तारेच्या वेल्डिंगच्या दोन मशीन होत्या. धाकटी घरच्या लाइटवर चालायची. कपाटाचा, कूलरचा पातळ पत्रा भोक न पाडता सुबक जोडायची. थोरली थ्री फेजवरची, जाड प्लेटांसाठी. वर्कशॉप माझं, पण हात चाचांचा. वडिलांच्या वेळेपासूनचे ते मिस्त्री.

त्या हिवाळ्यात थोरली दुरुस्तीला गेली होती. उसाचा हंगाम ऐन भरात. उजनीकाठचा एक शेतकरी ट्रॉली घेऊन आला. ट्रॅक्टरला जोडायचा दांडा बुडाशी तडकला होता.

चाचा म्हणाले, "तडा घासून खोल खाच पाडतो, रॉडच्या साध्या मशीननं थर भरतो. उद्या संध्याकाळी न्या."

"उद्या? तोडणीची टोळी बसून ऱ्हाईल की ओ!"

मी धाकटी मशीन ओढली. चाचांनी माझा हात धरला. "बेटा, ये पत्रे की मशीन है. वरून चांगलं दिसेल, आत पकडणार नाही."

गिऱ्हाइकासमोर हात धरलेला मला आवडला नाही. अर्ध्या तासात मी जोड मारला. शिलाई घातल्यासारखा सरळ. शेतकरी खूश होऊन गेला. चाचांनी त्या जोडाकडे पाहिलंही नाही.

तिसऱ्या दिवशी भरलेली ट्रॉली चढावर दांड्यातून सुटली आणि मागे घरंगळली. मागून मोटारसायकलवर शेतकऱ्याचा धाकटा भाऊ येत होता.

आम्ही दोघं तिथं गेलो. तुटल्या जागी चाचांनी बोट फिरवलं. माझी तार वरवर चिकटली होती. खाली जुना तडा तसाच.

दवाखान्यात शेतकरी म्हणाला, "माल लई भरला म्या. माजीच चूक."

मी तसाच जिन्यापर्यंत गेलो. मग परत फिरलो आणि सांगितलं, की चूक माझी. मशीन त्या कामाची नव्हती, आणि ते मला आधी सांगितलेलं होतं.

"मग तवा का न्हाय बोलला?" शेतकऱ्यानं विचारलं.

भावाचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

उन्हाळ्यात मी त्यांच्या गावी गेलो. भाऊ ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता.

"ती मशीन हाय का अजून?" त्यानं विचारलं.

"आहे."

"काय करता तिच्यावर?"

"कपाटं."

त्यानं मान हलवली. आतून त्याच्या आईनं पाणी आणून दिलं. ते मी उभ्यानंच प्यायलो.