काका म्हटल्यावर

१४ जुलै १९८४ रोजी सकाळी सात वाजता आम्ही अमेरिकेतल्या कॅस्केड पर्वतातल्या वॉशिंग्टन पास या खिंडीकडे सायकलींवरून निघालो. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो. सोबत नागपूरहून शिकायला आलेला एक विद्यार्थी होता आणि पत्नी मागून व्हॅन आणीत होती. उन्हाने तापलेल्या पाइनच्या डिंकाचा वास सर्वत्र पसरला होता. शेवटच्या चढावर, बर्फाळ सुळके समोर दिसत असताना, मला धाप आवरेना. विद्यार्थी कळवळून म्हणाला, “काका, बस करा ना यार! सायकल व्हॅनमध्ये टाका.” त्यापूर्वी मला कोणीही काका म्हटले नव्हते. पत्नीने खिडकीतून डोके बाहेर काढले. “काका म्हणालास? संपलं! आता ते रांगत जातील, पण व्हॅनमध्ये बसायचे नाहीत.” मी पेडल मारीत राहिलो आणि खिंडीच्या पाटीला हात टेकवूनच सायकलवरून उतरलो. आज मला सगळे आजोबा म्हणतात, त्याला माझी हरकत नाही. त्या चढावर मात्र काका होणे मला मंजूर नव्हते. संध्याकाळी तंबूत बुटांच्या नाड्यांची गाठ दिवसभर हँडल आवळून बधिर झालेल्या बोटांनी सुटेना. पत्नी पुढे झाली. मी तिला थांबवले आणि चाकूने नाड्या कापल्या.