तुषार संचाची फाइल

ऑफिसात पाऊल टाकलं की मामा आधी छताकडे बघायचे. मग बोट वर करून एकेक मोजायचे. नवा कोणी असला तर त्याला वाटायचं, म्हातारा पाली मोजतोय.

"मामा, काय करून राहिले?" आम्ही मुद्दाम विचारायचो.

"तोट्या हायत का जागेवर, बघून राहिलो."

तेलंगणाच्या शिवेजवळच्या गावात, निजामाच्या वेळच्या दगडी कचेरीत आमचं ऑफिस होतं. वर सागवानी छत आणि खाली फडताळांत जमिनींच्या जुन्या उर्दू-मोडी नोंदी, कापडी रुमालांत बांधलेल्या. ठिणगी पडली तर तासाभरात खेळ खलास. म्हणून कधीतरी छताला नळ्या टाकून स्प्रिंकलर बसवले होते. पितळेच्या छोट्या तोट्या, प्रत्येकीच्या तोंडात लाल पाण्याची काचेची कांडी. खोली तापली की कांडी फुटणार आणि वरचं पाणी सुटणार. हे सगळं सांभाळायला मामा. पद पंपचालकाचं, गाव धर्माबादकडलं. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. ऑफिस खरोखर आपलं मानतो आणि म्हणून सगळे त्याचीच टर उडवतात.

उन्हाळ्यात गावाला आठ दिवसांनी नळ यायचा. लोक घागरी घेऊन मामांच्या टाकीपाशी जमायचे आणि मामा टाकीच्या झाकणावर बसून राहायचे.

"एक घागर तरी द्या की, मामा."

"न्हाई. आग काय टपालानं कळवून येती का?"

निम्म्या गावाशी त्यांनी वाकडं घेतलं. टाकी मात्र कायम भरलेली.

मग एक बडे साहेब येणार म्हणून रंगरंगोटी झाली. रंगाऱ्यानं छताबरोबर तोट्याही ऑइल पेंटनं रंगवून टाकल्या. साहेब "वा" म्हणून गेले. मामा शिडीवर चढले, एकेक तोटी पाहून उतरले आणि माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"बाबूसाब, रंगानं लई घात केला. काचेला आता धगच लागत न्हाई. समद्या बदलाया लागतील. वर लिहा."

मी लिहिलं. माझ्या मराठीचा मला भलताच तोरा होता. विषय टाकला, 'तुषार संच बदलून मिळणेबाबत.'

मामांनी अक्षर लावत वाचलं. "तुषार म्हंजी सोयाबीनवर फिरतंय ते न्हवं का? स्प्रिंकलरच राहू द्या की."

"मामा, शुद्ध मराठी आहे ती."

"हाव. तुम्ही म्हन्ताव तर आसंल."

पत्र जिल्ह्याला गेलं. 'तुषार' पाहून कुणीतरी ते शेतीच्या टेबलावर ढकललं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, 'सातबारा उतारा व पीकपेरा जोडून फेरसादर करावे.' ऑफिस पोट धरून हसलं, सगळ्यात मोठ्यानं मी. मामा हसले नाहीत. "विषय बदला, बाबूसाब," एवढंच म्हणाले. मी बदलला नाही. शब्द माझा बरोबर आहे, चूक जिल्ह्याची आहे, हे मी आणखी दोन पत्रांत पटवत बसलो. शेवटच्या पत्राला उत्तर आलं की पाण्याचा स्रोत विहीर आहे की बोअर, ते कळवावे.

मे महिन्यातल्या एका दुपारी कूलरची वायर पेटली. मामांनी पंप चालू केला. टाकी काठोकाठ होती. पाणी नळ्यांत येऊन उभं राहिलं आणि रंगाखालच्या काचा काही फुटेनात. फुटल्या तेव्हा छत पेटलेलं होतं. मामा नोंदींचे रुमाल छातीशी धरून बाहेर आणत राहिले. तिसऱ्या खेपेला आम्ही त्यांना धरून ठेवलं. हातांची कातडी सोलून निघाली होती.

पंपचालकाने यंत्रणा सुस्थितीत ठेवली नाही, असं चौकशीत ठरलं. मामा निलंबित झाले. हातांना पट्ट्या बांधलेले ते माझ्याकडे आले.

"बाबूसाब, तेवढी फाइल दाखवा त्यास्नी. आपन लिव्हलं व्हतं, एवढंच कळू द्या."

"शोधतो, मामा," मी म्हणालो.

शोधायचं काय होतं? पुढचं पत्र लिहायला म्हणून नेलेली फाइल माझ्या घरीच होती. पण तिच्या प्रत्येक कागदावर माझा तो शुद्ध शब्द होता. जिल्हाभर माझं हसं झालं असतं. तेवढ्यासाठी मी गप्प बसलो. याला भ्याडपणा म्हणतात. आणखी शुद्ध शब्द मला सापडत नाही.

निवृत्त झाल्यावर फाइल पिशवीत घालून मी त्यांच्या गावी गेलो. मामा दिवाळीआधीच गेले होते. मामींनी पत्र्याच्या खोलीत बसवलं, चहा दिला.

"लई दिवस पडूनच व्हते. निस्तं वर पत्र्याकडं बघायचे, बोटानं मोजायचे. तुमीच का ते बाबूसाब?"

"हो."

"मी म्हनायची, इसरले तुमाला समदे. तर म्हनायचे, न्हाई, बाबूसाब फाइल हुडकून राहिलेत. घावली का हो?"

पिशवी माझ्या मांडीवर होती. मी चहा संपवला आणि "अजून नाही" म्हणालो.