मिल्ट हुडाकच्या डोळ्यातलं चिलट

मिल्ट हुडाकच्या दुकानात मासेमारीचे गळ, दोरा आणि जिवंत गांडुळं मिळत. गिऱ्हाइकं त्याबरोबर एक प्रश्न फुकटात विचारून जात, "मिल्ट, लेका, मान का हलवलीस?"

लेक एरीच्या काठच्या त्या गावात मिल्टच्या चेंडूवर बसलेला बेसबॉलचा तो होम रन शेंबड्या पोरालाही पाठ होता. अंतिम सामना, शेवटचा डाव, तिसऱ्या बेसवर प्रतिस्पर्धी धावायच्या तयारीत. फलंदाजामागे चेंडू झेलायला बसलेल्या कॅचर डेल प्रुइटने बोटांनी खूण केली, वळणारा चेंडू टाक. चेंडू टाकणाऱ्या पिचरला खूण पटली नाही की तो नकाराची मान हलवतो आणि कॅचर दुसरी खूण देतो. मिल्टने मान हलवली. मग डेलने सरळ, वेगवान चेंडू मागितला. मिल्टने तो टाकला आणि तो कुंपणापलीकडे जाऊन पडला. फटका मारणारा अमर झाला. मिल्टही झाला, पण वाईट अर्थाने.

आणि मिल्टने नकार दिलाच नव्हता! त्या संध्याकाळी सरोवरावरून चिलटांचे थवे आले होते. एक नेमकं डोळ्यात शिरलं, म्हणून मान हलली, बस. डेलची खूण बदललेली दिसली तेव्हा त्याला वाटलं, डेल फलंदाजाच्या पायाशी बसलाय, त्याला काहीतरी दिसलं असेल. म्हणून तो गप्प राहिला.

हे त्याने गावाला सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. उलट गिऱ्हाइकं दारातून शिरतानाच डोळ्यांपुढे हात हलवून चिलटं हाकलायची. मिल्टचं डोकं असं फिरायचं की गांडुळांचा डबा त्यांच्याच डोक्यावर उपडा करावा. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी ओरडला तर लोक हसणार! एक त्याची बायको इर्मा तेवढी म्हणायची, "चिलटच होतं रे, मला माहितीये."

एका वर्षी ईस्टरआधीच्या उपासातल्या एका शुक्रवारी चर्चच्या हॉलमधल्या मासळीच्या जेवणाला फादरांनी डेलला पाहुणा म्हणून बोलावलं. मिल्टने ठरवलं, आज त्याच्या तोंडून वदवून घ्यायचंच.

तळलेला मासा ताटात निवत होता. मिल्ट डेलकडे झुकला. "डेल, खरं सांग. मी नकार दिला असं वाटलं होतं तुला?"

डेलने बराच वेळ काटा काढत बसल्याचं सोंग केलं. "नाही," तो म्हणाला. "चिलट होतं. मला दिसलं."

"मग खूण का बदललीस?"

"माझा अंगठा सुजला होता गड्या. कोणाला सांगितलं नव्हतं. वळणारा चेंडू मागितला, कारण तोच योग्य होता. पण तो मातीत पडला असता तर माझ्याने अडला नसता, तिसऱ्या बेसवरचा धावून आला असता आणि सामना माझ्या हातून गेला असता. तू मान हलवलीस आणि मला सुटल्यासारखं झालं."

"आणि इतकी वर्षं तोंड शिवून बसलास?" मिल्टचा आवाज फाटला. "मी रोज शिव्या खातोय इथं! ऊठ. आत्ता. सगळ्यांसमोर सांग."

डेल खरंच उठला. फादरांनी माइक दिला.

"मिल्टने मला नकार दिला नव्हता," डेल म्हणाला. "त्याच्या डोळ्यात चिलट गेलं होतं. मी पाहिलं. चूक माझी होती."

मग मागून कोणीतरी ओरडलं, "वा डेल! दोस्त असावा तर असा!" आणि सगळा हॉल हसत, टाळ्या वाजवत उभा राहिला. डेल जसजसा दोन्ही हात हलवून नाही नाही म्हणत होता, तसतशा टाळ्या वाढत होत्या.

मिल्टने टेबलावर मूठ आपटली. "अरे मूर्खांनो, तो खरं बोलतोय!"

हशा आणखी उसळला. मिल्ट वळला. इर्मा टाळ्या वाजवत होती, तिचे डोळे भरून आले होते.

"किती मोठ्या मनाचा आहे रे हा डेल," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "तुझ्यासाठी चर्चमध्ये उभं राहून खोटं बोलला."