आत्याचा ट्रे

पुतणीच्या लग्नाच्या चिवड्यासाठी कढीपत्ता तडतडला आणि तामलवाडीतलं माझं लग्न आठवलं. विधवा आत्यानं दोन दिवस खपून वऱ्हाडासाठी लाडू-चिवडा केला होता. वऱ्हाड आलं, तशी ती बशांनी भरलेला ट्रे उचलून हसतच निघाली. शालूतल्या मीच तिला दारात अडवलं.

"आत्या, तुमी नका जाऊ. पाहुणे नावं ठेवतील."

"व्हय की गं, माझ्या ध्यानातच न्हाय आलं," म्हणत तिनं ट्रे आईच्या हातात दिला. तिला काही वाटलं नसेल, असंच मी धरून चालले.

आमचे हे जाऊन आता वर्ष झालं. बाहेर वऱ्हाड आलंय. मी बशा भरल्या, ट्रे जावेकडं दिला आणि कुणी अडवायच्या आधीच आत वळले.